पादत्राणांची मराठी परिभाषा

पादत्राणाचे निरनिराळे अवयव, ते घडविण्याची हत्यारे आणि त्यांवरील क्रिया यांसाठी चर्मकारांच्या व्यवहारात रूढ झालेला शब्दसमूह. सुतार, लोहार, विणकर यांच्या शब्दांप्रमाणेच हा शब्दसमूहही ग्रंथांतून न शिकविता हाताखाली काम करता करता मुखपरंपरेने पुढे जात आला. साहजिकच त्याची कोशगत नोंद अपुरी राहिली. तथापि जे शब्द टिकून आहेत, त्यांवरून संस्कृत, पाली, द्राविडी, फारसी, पोर्तुगीज व इंग्रजी अशा थरांचा तसेच चर्मकाराच्या सामाजिक स्थितीचा इतिहास उलगडता येतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूरच्या कारागिरीतील व चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनप्रदेशातील, परिभाषेचा परामर्श घेतला आहे.

प्राचीन शब्द : ‘वहाण’ हा मराठी शब्द संस्कृत ‘उपानह्’ (पायाला बांधलेले) यापासून आला. हिंदी ‘पनही’ याच कुळातील आहे. ‘पायतण’ किंवा ‘पायताण’ हे ‘पादत्राण’ या शब्दाचे रूप होय. अमरकोशातील शूद्रवर्गात चर्मकाराला ‘पादूकृत्’ असे नाव दिले असून, पाऊल पूर्ण झाकणाऱ्या जोड्यासाठी ‘अनुपदीना’, कातड्याच्या पट्टीसाठी ‘वर्ध्री’ आणि कातडे टोचण्याच्या हत्यारासाठी ‘आरा’ हे शब्द आले आहेत. यांपैकी ‘अनुपदीना’ लुप्त झाला. परंतु ‘आरा’ हा ‘आरी’ या रूपाने आणि ‘वर्ध्री’ हा ‘वादी’ या रूपाने चर्मकाराच्या बैठकीवर आजही जिवंत आहे. पंडितांनी नोंदविलेले शब्द विसरले गेले, पण कारागिराच्या हातातील हत्याराचे व साहित्याचे शब्द टिकले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पादत्राणाच्या रचनेविषयी प्राचीन भारतातील तपशीलवार माहिती पाली विनयपिटकाच्या महावग्गातील चर्मविषयक प्रकरणात मिळते. भिक्षूंनी कोणती पादत्राणे वापरावीत, हे ठरविताना तेथे तळाच्या थरांवरून भेद केला आहे. एकाच थराच्या वहाणेला ‘एकपलासिक’ म्हटले असून तिला परवानगी आहे. दुहेरी, तिहेरी व अनेक थरांच्या नव्या वहाणा सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरविल्या आहेत. मात्र अवंती–दक्षिणापथासारख्या दूरच्या प्रदेशात अनेक थरांच्या वहाणांना मुभा दिली गेली. कारण तेथील जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली असते, असे तेथे नमूद आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या व ढेकळांनी भरलेल्या काळ्या जमिनीवरून चालणाऱ्यास या कारणाची सत्यता वेगळी पटवून द्यावी लागत नाही. याच प्रकरणात टाच झाकणाऱ्या, कापूस भरलेल्या आणि निळ्या, पिवळ्या, तांबड्या वाद्यांच्या पादत्राणांचे उल्लेख असून वादीसाठी ‘वद्ध’ या शब्दावरून बनलेली विशेषणे वापरली आहेत. तळ, थर, टाच व वादी या चार अवयवांच्या आधारे पादत्राणाचे वर्णन करण्याची पद्धत इतकी जुनी आहे.

मध्ययुगीन व अर्वाचीन भर : मुसलमानी अंमलाच्या काळात ‘पायपोस’ (फारसी पापोश) आणि ‘मोजडी’ (फारसी मोजा यावरून) हे शब्द मराठीत आले. जोडा ज्यावर ओढून घडविला जातो त्या लाकडी पावलाच्या आकृतीला ‘कलबूत’ म्हणत. हा शब्द फारसी ‘कालबूद’ यापासून आलेला असून त्याचे मूळ ग्रीक भाषेतील ‘लाकडी पाय’ या अर्थाच्या शब्दापर्यंत नेले जाते. पुढे युरोपीय भाषांतून आलेल्या ‘फर्मा’ या शब्दाने त्याची जागा बव्हंशी घेतली. पोर्तुगीजांच्या संपर्कातून ‘सपाता’ हा शब्द आला. ‘बूट’ व ‘स्लिपर’ हे इंग्रजी अमदानीतील होत. ‘जोडा’ हा शब्द मात्र देशी वळणाचा आहे. दोन पायांच्या दोन वस्तूंच्या जोडीवरून वस्तूलाच ते नाव मिळाले.

नव्या प्रकाराचे नाव परभाषेतून आले, तरी त्याच्या अवयवांची नावे सहसा घरचीच राहिली. मोजडीलाही तळ आणि टाच आहे. बुटालाही जीभ आणि नाल आहे. बाजारात वस्तू नावासह येते. पण ती घडविणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला तिचे भाग आपल्या भाषेत हाताळावे लागतात, हे त्याचे कारण असावे.

बलुतेदारी व परिभाषा : गावगाड्यातील बारा बलुतेदारांत चांभाराची गणना होई. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे विस्तृत वर्णन आहे. खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात चांभाराने वहाणा करून द्याव्यात व सांधाव्यात, आसूड व वाद्या पुरवाव्यात आणि मोट शिवावी, अशी सामान्य रीत होती. त्यामुळे त्याच्या शब्दसंग्रहात पादत्राणांबरोबर शेतीची चामडी अवजारेही येतात. चामड्याच्या मोटेला पाणी ओतणारी ‘सोंड’ असे. मोट ‘नाड्या’ने व सोंड ‘सोंदुरा’ने ओढली जाई. विजेचे व तेलाचे पंप आल्यावर मोट गेली आणि या शब्दांचा मोठा भाग एका पिढीतच व्यवहारातून नाहीसा झाला.

या परिभाषेवर अस्पृश्यतेची गडद छाया पडलेली आहे. मेलेले जनावर ओढणे, सोलणे, कातडे कमावणे व ते शिवणे ही कामे वेगवेगळ्या जातींकडे वाटून दिलेली होती आणि या प्रत्येक जातीला समाजाने दूर लोटले होते. ज्यांनी वहाणा घडविल्या, त्यांच्यापैकी अनेकांना वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या समोरून त्या पायात घालून जाण्याची मुभा नव्हती. ‘खेटर’ व ‘पायताण’ हे शब्द शिव्यांत आणि धमक्यांत अधिक ऐकू येऊ लागले. ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीत तर वस्तूच्या जागेचे निमित्त करून माणसाची जागा सांगितलेली आहे. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) यांत व्यवसायांचे पुष्कळ शब्द आले आहेत. तरीही चर्मकाराच्या बैठकीवर बसून एकेका टाक्याचे नाव विचारावे, अशी परिस्थिती त्या काळच्या बहुसंख्य शिक्षितांच्या बाबतीत नव्हती. कोशातील पोकळी ही भाषेची नसून सामाजिक अंतराची आहे.

हत्यारे व क्रिया : कातडे कापण्यास व तासण्यास ‘रापी’, भोक पाडून टाका ओढण्यास ‘आरी’, ठोकण्यास हातोडी, कातडे भिजत ठेवण्यास पाण्याची ‘कुंडी’ आणि बेतण्यासाठी फर्मा, ही चर्मकाराची मुख्य साधने. शिवण मेण लावलेल्या दोऱ्याने अथवा कातड्याच्याच बारीक वादीने घालतात. कच्च्या कातड्यावरील प्रक्रियेस ‘कमावणे’ म्हणतात. या शब्दात कष्टाने मिळविण्याचा आणि पक्के करण्याचा असे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. पारंपरिक पद्धतीत चुन्याने केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवून टांगीत व त्यात बाभळीची साल, हिरडा इत्यादींचा काढा भरीत. तो हळूहळू झिरपून कातडे मुरे. अशा कातड्याचे तळ कठीण, पण पायाला बेताने वळणारे होतात.

कोल्हापुरी चपलेचे अवयव : मराठी परिभाषेचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण म्हणजे कोल्हापुरी चप्पल. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) या व्यवसायास राजाश्रय मिळाला. कापशी या गावाच्या नावावरून ओळखली जाणारी चप्पल, तसेच ‘पायताण’, ‘बक्कलनाळी’, ‘पुकरी’ इ. नावे तिच्या जुन्या प्रकारांसाठी आढळतात.

या चपलेचा पाया म्हणजे ‘तळ’. तो एकसंध नसून थरांचा असतो : पाऊल टेकते तो वरचा थर, जमिनीला लागणारा खालचा थर आणि आवश्यकतेनुसार मधली भर. मागील बाजूस कातड्याचे तुकडे रचून ‘टाच’ उंच करतात. तळाच्या दोन्ही कडांतून वर आलेल्या पाकळीसारख्या भागांना ‘कान’ म्हणतात. ते थरांच्या मध्ये धरून शिवलेले असल्यामुळे ओढ बसली तरी सहजी उपटत नाहीत. दोन्ही कानांना जोडून पावलाच्या चढावरून जाणारा आडवा भाग म्हणजे ‘पट्टा’, पायाचा अंगठा ज्यात अडकतो ती कडी म्हणजे ‘अंगठा’, आणि बारीक वाद्या गुंफून पट्ट्यावर किंवा पट्टा व अंगठा यांना सांधणारी केलेली वीण म्हणजे ‘वेणी’. शोभेसाठी लावलेला झुपका तो ‘गोंडा’. कान ठळक असलेल्या चपलेस ‘कानवाली’ असे स्वतंत्र नावच आहे. पारंपरिक चपलेत लोखंडी खिळा नसतो. सर्व बांधणी शिवणीची असल्याने झिजलेला थर उसवून नवा घालता येतो.

या नावांत तीन तत्त्वे दिसतात. पहिले, शरीराचे साम्य : कान, अंगठा, टाच, तळवा, जीभ. दुसरे, वेशभूषेचे साम्य : वेणी, गोंडा, पट्टा. तिसरे, साहित्य व क्रिया : वादी, थर, टाका. पहिल्या गटात एक अर्थपूर्ण द्विरुक्ती आहे. चपलेच्या अंगठ्यात पायाचा अंगठा जातो आणि चपलेच्या टाचेवर पायाची टाच टेकते. म्हणजे शरीराचा जो भाग जिथे बसतो, त्याचे नाव चपलेच्या त्या जागेला मिळते. ‘कान’ मात्र या नियमाला अपवाद असून तो केवळ आकारावरून पडलेला आहे. ‘अंगठा उसवला’ असे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा चर्मकाराचे लक्ष पायाकडे न जाता कडीकडे जाते. संदर्भामुळे संदिग्धता उरत नाही. इंग्रजी परिभाषेतही जिभेला व टाचेला शरीराचीच नावे आहेत. तेव्हा ही प्रवृत्ती एका भाषेपुरती नाही.

खडावांच्या बाबतीत हीच अंगठ्याची पकड लाकडी ‘खुंटी’ने साधलेली असते. तेथे मात्र नाव शरीराकडून न येता भिंतीतील खुंटीवरून आले आहे.

चंद्रपूर–गडचिरोलीचा वनप्रदेश : पूर्वीच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. हा प्रदेश पादत्राणांच्या मोठ्या केंद्रांपैकी नाही. तथापि दोन दृष्टींनी तो महत्त्वाचा ठरतो. पहिली गोष्ट वनसंपत्तीची. कातडे कमावण्यास लागणारे टॅनिन द्रव्य हिरड्याच्या फळात सुमारे तीस टक्क्यांपर्यंत असते. ऐनाच्या सालीतही ते आढळते. हे दोन्ही वृक्ष येथील पानझडी जंगलात वाढतात. हिरडा हे गौण वनोपज म्हणून गोळा केले जाते आणि त्याचा उपयोग वनाबाहेरील चर्मोद्योगात होतो. अर्थात ज्यांनी तो वेचला, त्यांपैकी अनेकांची पावले अनवाणीच होती.

दुसरी गोष्ट भाषिक आहे. या प्रदेशात मराठीची झाडीबोली, गोंडी व तिची माडिया बोली, दक्षिणेस सिरोंचा भागात तेलुगू आणि पूर्वेस छत्तीसगढी यांचा संगम होतो. पादत्राणासाठी तमिळमध्ये ‘चेरुप्पु’, तेलुगूत ‘चेप्पु’, कन्नडमध्ये ‘केरवु’, यवतमाळ व चंद्रपूरकडील कोलामीत ‘केर्री’ आणि गोंडीच्या निरनिराळ्या बोलींत ‘सरपुम’, ‘हेरपुम’, ‘एरपुम’ अशी रूपे आढळतात. बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) ही एकाच मूळ शब्दाची रूपे मानली आहेत. गोंडीत आद्य ‘स’ काही बोलींत टिकतो, काहींत त्याचा ‘ह’ होतो आणि माडिया वळणाच्या बोलींत तो लोप पावतो. एका वहाणेच्या नावातूनच या भाषेच्या ध्वनिपरिवर्तनाचा नकाशा दिसतो. हा शब्द मूळ द्राविडी भाषेइतका जुना असेल, तर अनवाणी चालणाऱ्या वनवासींना पादत्राण ठाऊकच नव्हते, ही समजूत टिकत नाही. वस्तू ठाऊक होती. ती नित्य परवडणारी नव्हती. मराठी ‘चप्पल’ या शब्दाचा संबंधही ‘चेप्पु’शी असावा, असे सुचविले गेले आहे.

जंगलातील पायवाटांवर काटा, बांबूचा धसकट व तापलेली जमीन यांपासून पावलाला इजा होते. काटा आत राहून किंवा सततच्या दाबाने होणाऱ्या कठीण गाठीस ‘कुरूप’ म्हणतात व त्यावर तापविलेला बिब्बा लावण्याचा घरगुती उपाय सर्वत्र प्रचलित होता. मोटारीच्या जुन्या टायरपासून कापलेल्या तळाच्या चपला मिळू लागल्यावर मजुरांची व शेतकऱ्यांची सोय झाली. या चपलेत कातड्याच्या जागी रबर आले, पण ‘तळ’, ‘पट्टा’, ‘अंगठा’ ही नावे तीच राहिली.

संरक्षक पादत्राणे : या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिले आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेले आनंदवन हे या रोगाशी दिलेल्या लढ्याचे सर्वज्ञात केंद्र होय. भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या या पातळीवर या रोगाचे निर्मूलन झाल्याचे २००५ च्या अखेरीस मानले गेले. परंतु चंद्रपूर व गडचिरोलीत त्यानंतरही नवे रुग्ण आढळत राहिले आहेत. रोगाने मज्जातंतूंना इजा झाली की पावलाची संवेदना जाते. अशा पायाला खडा किंवा खिळा टोचला तरी कळत नाही आणि साधी जखम पुढे हाडापर्यंत जाते. वेलोर येथे पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या कार्यामुळे, बधिर पावलाचे व्रण हे रोगजंतूंपेक्षा दाबामुळे आणि न जाणवलेल्या इजेमुळे होतात, हे स्पष्ट झाले. त्यातून सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे ‘एमसीआर’ चपलांचा प्रसार झाला व पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमातून त्या दिल्या जाऊ लागल्या.

येथे पादत्राणाच्या अवयवांची परिभाषा ही हौसेची बाब राहत नाही. या चपलेचा आतला तळ मऊ हवा, म्हणजे दाब सर्व पावलावर पसरतो. बाहेरचा तळ कठीण हवा, म्हणजे काटा आत शिरत नाही. खिळा कोठेही नको. कारण तळ झिजल्यावर वर आलेले टोक त्या पायाला जाणवणार नाही. ‘अंगठा’ नको, बोटांमध्ये घासून व्रण होतो आणि वाकड्या झालेल्या बोटांना तो धरताही येत नाही. उलट टाचेमागून जाणारा ‘मागचा पट्टा’ अवश्य हवा, कारण चपल निसटली तरी रुग्णाला ते कळत नाही. पुढचा पट्टा सैल-घट्ट करता येणारा असावा लागतो. डॉक्टर, रुग्ण आणि चर्मकार या तिघांनी ‘आतला तळ’, ‘बाहेरचा तळ’, ‘अंगठा’ व ‘मागचा पट्टा’ या शब्दांचा एकच अर्थ घेतला, तरच पाय वाचतो. कोल्हापुरी चपलेत जो अंगठा पकडीचा आधार, तोच येथे धोका ठरतो. तेव्हा प्रत्येक अवयवाचे नाव आणि त्याचे कार्य ही दोन्ही नेमकी माहीत असणे आवश्यक आहे.

यंत्रयुगातील परिभाषा : कारखान्यांतील बूटनिर्मितीमुळे ‘अपर’, ‘सोल’, ‘इनसोल’, ‘हील’, ‘वेल्ट’, ‘व्हँप’, ‘काउंटर’ हे इंग्रजी शब्द मुंबईतील धारावी, कुर्ला इ. ठिकाणच्या कारखान्यांत रूढ झाले. मद्रास (आता चेन्नई) येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था (स्थापना १९४८) आणि महाराष्ट्र शासनाचे चर्मोद्योग विकास महामंडळ (स्थापना १९७४, पुढे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ) यांच्या कार्यामुळे प्रशिक्षणाला संस्थात्मक रूप आले, मात्र प्रशिक्षणाची भाषा बव्हंशी इंग्रजी शब्दांची राहिली. परिणामी एकाच दुकानात चपलेला ‘तळ’ व बुटाला ‘सोल’, चपलेला ‘टाच’ व सँडलला ‘हील’ अशी विभागणी झाली. हा ऱ्हास नसून नव्या वस्तूंबरोबर आलेली स्वाभाविक भर आहे. खरी हानी होते ती जुना शब्द नव्या शब्दाने बदलला म्हणून नव्हे, तर ज्या वस्तूला तो शब्द चिकटलेला होता ती घडविणेच थांबले म्हणून. २०१५ मधील गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैलाचे कातडे दुर्मिळ झाले. प्लॅस्टिक व रबर यांच्या स्वस्त चपलांची स्पर्धा तर त्याआधीपासूनच होती. अनेक कारागिरांची पुढची पिढी अन्य व्यवसायांकडे वळली. जातीने लादलेला धंदा सोडणे हा त्यांचा न्याय्य अधिकार आहे. म्हणून शब्दांचे जतन करताना माणसाला त्या धंद्यात अडकवून ठेवण्याची अपेक्षा बाळगणे योग्य होणार नाही.

नाव व हक्क : कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांना संयुक्तपणे असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तसेच बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांतील उत्पादकांना लागू आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला कोल्हापुरीचा उल्लेख न करता मांडल्या. त्यावर महाराष्ट्रात तीव्र प्रतिक्रिया उमटल्यानंतर आपली प्रेरणा भारतीय हस्तकौशल्यातून आल्याचे कंपनीने मान्य केले. या प्रसंगाने एक कायदेशीर भेद सर्वांसमोर आला. १९९९ च्या कायद्यानुसार भौगोलिक निर्देशांक मुख्यतः नावाचे संरक्षण करतो, घाटाचे नव्हे. नाव न घेता घाट उचलला, तर या कायद्याचा आधार तोकडा पडतो. मग घाटावरील हक्क सांगायचा कशाच्या बळावर? कानाची जोडणी, वेणीची वीण, थरांची शिवण ही या घाटाची ओळख आहे आणि तिचे नेमके वर्णन कारागिरांच्याच शब्दांत उपलब्ध असेल, तर तो दावा पुराव्यासह मांडता येतो. नोंद नसलेली कला कोणाचीही म्हणता येते.

मराठी परिभाषेच्या इतिहासात शास्त्रीय संज्ञा संस्कृतच्या आधारे नव्याने घडविण्यात आल्या. पादत्राणांच्या बाबतीत मात्र तयार, नेमकी व वापराने सिद्ध झालेली परिभाषा आधीच अस्तित्वात होती. ‘आरी’ व ‘वादी’ या शब्दांनी अमरकोशापासून आजपर्यंतचा प्रवास पंडितांच्या साहाय्याशिवाय केला आहे. कोल्हापूर, अथणी, निपाणी येथील कारागिरांकडून त्याचप्रमाणे विदर्भातील आठवडी बाजारांत बसणाऱ्या चर्मकारांकडून अवयवनामे, आकृती व क्रिया यांची एकत्र नोंद होणे, आणि ती सांगणाऱ्याच्या नावाचा व श्रमाचा मान राखून होणे, ही या विषयातील पुढील अभ्यासाची पहिली आवश्यकता होय.